कळफलकावरून : चौकटीत न मावणारं नाव



मंडळाच्या कार्यक्रमांची नावनोंदणी कागदावरून वेबसाइटवर गेली, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलला आहे. पूर्वी मंडळी विचारायची, "कुठला लॅपटॉप घेऊ?" हल्ली विचारतात, "अहो, तो फॉर्म माझं नाव का घेत नाही?" कुणाचं नाव मधल्या मोकळ्या जागेमुळे अडतं, कुणाच्या सासऱ्यांचा पुण्याचा फोन नंबर 'चुकीचा' ठरतो, कुणी हौसेनं देवनागरीत नाव लिहायला जातं तर चौकट लाल होते. आणि हे काही आपल्या मंडळापुरतं नाही. बँक, विमान कंपनी, शाळा, विमा, डॉक्टर, जिथे जाल तिथे आधी फॉर्म आणि फॉर्ममध्ये चौकटी. म्हणून या अंकात या चौकटींमागचं तंत्र उलगडून सांगायचं आम्ही ठरवलं आहे. ज्यांची मुलं प्रोग्रॅमिंग शिकताहेत आणि मंडळाच्या वेबसाइटला हातभार लावतात, त्यांनी हा लेख जेवणाच्या टेबलावर मुलांना वाचून दाखवावा, ही विनंती.

विषय वरवर किरकोळ वाटेल. पण परदेशात आपली ओळख म्हणजे शेवटी कुठल्या ना कुठल्या फॉर्ममध्ये भरलेली अक्षरं असतात. पासपोर्टवर एक नाव, विम्याच्या कार्डावर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं झालं, की ही तिन्ही एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यात रजा खर्ची पडतात. ही गफलत पुष्कळदा एखाद्या छोट्याशा चौकटीपाशीच सुरू होते.

पहारेकरी आला कुठून?

चौकटीत आपण टाइप करतो तेव्हा त्यावर नजर ठेवणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, तो बहुतेक ठिकाणी जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेला असतो. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केली. त्या काळचे मोडेम आठवतात ना? चित्रविचित्र आवाज करत फोनच्या तारेवरून जोडणी व्हायची. भरलेला फॉर्म त्या तारेवरून दूरच्या सर्व्हरकडे जायचा आणि बराच वेळ थांबल्यावर उत्तर यायचं, की फोन नंबर लिहायचा राहिला. पुन्हा भरा, पुन्हा पाठवा. हे हेलपाटे वाचावेत, तपासणी आपल्याच कॉम्प्युटरवर आणि फॉर्म पाठवण्याआधी व्हावी, ही सोय जावास्क्रिप्टनं करून दिली. फॉर्म तपासणं हा तिच्या अगदी सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक.

हा प्रोग्रॅम चौकटीवर तीन कामं करू शकतो. पहिलं, रूप देणं. तुम्ही सलग दहा आकडे टाइप केलेत, तर मध्ये कंस आणि आडवी रेघ घालून तो नंबर वाचायला सोपा करणं. दुसरं, रोखणं. आकड्यांच्या चौकटीत अक्षराची कळ दाबली, तर ते अक्षर उमटूच न देणं. तिसरं, तपासणं. लिहून झाल्यावर ते बरोबर दिसतंय का, हे पाहून सांगणं.

आपल्याकडे पोस्टाबाहेर टेबल टाकून मनीऑर्डरचे फॉर्म भरून देणारे गृहस्थ बसायचे. तुम्ही पत्ता कसाही सांगा, ते तो नीट रकान्यात उतरवायचे आणि काही राहिलं असेल तर विचारून घ्यायचे. रूप देणं आणि तपासणं ही त्यांची कामं. रोखणं हे सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनचं. चांगला फॉर्म पोस्टाबाहेरच्या गृहस्थांसारखा वागतो. पुष्कळसे फॉर्म मात्र वॉचमनसारखे लिहिले जातात, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला रोखणं सगळ्यांत सोपं पडतं.

या बाबतीत आमचा नियम साधा आहे. ज्या गोष्टीचा आकार एखाद्या कचेरीनं ठरवला, तिथे खुशाल कडक तपासणी करा. पिनकोड टपाल खात्यानं ठरवला, कार्डाचा नंबर बँकेनं. नाव मात्र बारशाला आत्यानं कानात सांगितलं. तिथे कचेरी नव्हती, तेव्हा तिथे वॉचमनही नको.

नावाची चौकट

मराठी नावाची रीत आपल्याला ठाऊक आहे. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, शेवटी आडनाव. भारतीय पासपोर्टात मात्र रकाने दोनच, एक आडनावाचा आणि एक दिलेल्या नावाचा. त्यामुळे 'विनायक रामचंद्र' हे सगळं दिलेल्या नावात जातं. आता अमेरिकेतला फॉर्म 'फर्स्ट नेम' विचारतो आणि त्या चौकटीत मोकळी जागा चालत नाही. मग काय, 'विनायकरामचंद्र' असं जोडनाव तयार होतं. विमानाच्या तिकिटावर हे सर्रास दिसतं.

ज्यांच्या पासपोर्टात दोनांपैकी एकच रकाना भरलेला असतो, त्यांची कथा याहून वेगळी. अमेरिकन व्हिसावर त्यांच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' अशी तीन अक्षरं येतात. त्यांचा अर्थ एवढाच, की पहिलं नाव ठाऊक नाही. पण पुढच्या कचेरीतल्या चौकटीला ते कुठून कळणार? पहिलं नाव भरल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही, म्हणून एफएनयू हेच नाव म्हणून भरलं जातं, आणि दवाखान्यात नर्स 'मिस्टर एफनू' अशी हाक मारते. हसू येतं खरं, पण ज्याला हाक मारली त्याला येत नाही.

नाव किती लांब असावं? काही फॉर्म पंधरा अक्षरांवर कळफलक बंद करतात. त्याला आधार काय, हे विचारण्यासारखं आहे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राला वाचता येणाऱ्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. त्यांतल्या पहिल्या ओळीत नाव आणि आडनाव मिळून ३९ जागा दिलेल्या आहेत. जगभरच्या विमानतळांना जे परवडतं, ते शाळेच्या सहलीच्या फॉर्मला परवडायला हरकत नसावी. तीच गोष्ट किमान लांबीची. 'आडनाव किमान तीन अक्षरी हवं' असा नियम कुणीतरी घालून ठेवतो आणि देवनागरीत नाव लिहिणारे ओक बाहेर राहतात.

देवनागरी लिहिलं तर

आता मराठी मंडळाच्या फॉर्ममध्ये मराठीत नाव लिहिता यावं, ही काही अवाजवी अपेक्षा नव्हे. पण नाव तपासायची जी नेहमीची ओळ पुष्कळ जण जशीच्या तशी उचलतात, ती सांगते की फक्त ए ते झेड चालतील. त्यात देवनागरी तर बसत नाहीच, पण फ्रेंच शेजाऱ्याचं टिंबवालं अक्षरही बसत नाही आणि आयरिश ओब्रायन यांच्या नावातलं वरचं स्वल्पविरामासारखं चिन्हही बसत नाही.

जावास्क्रिप्टच्या २०१८ च्या प्रमाण आवृत्तीत यावर तोड निघाली. 'जगातल्या कुठल्याही लिपीतलं अक्षर' असा नियम तेव्हापासून एका छोट्या खुणेनं लिहिता येतो. उत्साही तरुण तो नियम लावतात आणि त्यात न बसणारं सगळं गाळून टाकतात. इथे आपल्या लिपीची गंमत होते. युनिकोडच्या हिशेबात क, ल, र ही अक्षरं आहेत, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचा पाय ही अक्षरं नाहीत, ती 'चिन्हं' आहेत. त्यांचा वर्ग वेगळा. तेव्हा फक्त अक्षरं ठेवली की 'कुलकर्णी' यांचं 'कलकरण' होतं, 'देशपांडे' यांचं 'दशपड', 'जोशी' यांचं 'जश' आणि 'खरे' यांचं 'खर'. संस्कृत येणाऱ्यांना शेवटच्याचा अर्थ सांगायला नको. 'परब' तेवढे सुखरूप राहतात. उपाय एका शब्दाचा आहे, नियमात अक्षरांच्या जोडीला चिन्हंही घ्यावीत. 'वऱ्हाडे', 'गोऱ्हे' अशा आडनावांतला तो डोक्यावरचा वाकडा र काही कळफलकांवर न दिसणाऱ्या जोडखुणेनं तयार होतो. ती खूण या दोन्ही वर्गांत नाही, तिलाही वेगळी परवानगी लागते. त्यापेक्षा आम्ही म्हणू, नावातून काही गाळूच नका.

लांबीचा हिशेबही असाच फसवा. 'ज्ञानेश्वरी' या नावात आपण चार अक्षरं मोजतो, ज्ञा, ने, श्व, री. जावास्क्रिप्ट मात्र अकरा मोजते, कारण प्रत्येक व्यंजन, हलन्त आणि स्वरचिन्ह तिच्या लेखी सुटं आहे. चौकटीची कमाल लांबी दहा ठेवलेली असेल तर शेवटची वेलांटी गळून पडते, आणि नोंदणी करायला निघालेल्या ज्ञानेश्वरीचा ज्ञानेश्वर होतो. साठवणुकीत तर प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे या चार अक्षरांना ३३ बाइट. डेटाबेसमधला रकाना बाइट मोजून बेतलेला असेल तर तिथेही कात्री लागते. आपण मोजतो तशी अक्षरं मोजण्याची सोय आता ब्राउझरमध्ये आहे, पण सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे मर्यादा शंभर-दोनशे ठेवून मोकळं होणं.

अजून एक गोष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांसाठी. आपली बरीच मंडळी रोमन अक्षरं टाइप करून त्यांचं मराठी करणारा कळफलक वापरतात. शब्द पूर्ण होईपर्यंत चौकटीत कच्चं लिखाण असतं. प्रोग्रॅमनं त्याच क्षणी 'हे चालणार नाही' म्हणून हात घातला, की अक्षरं दुप्पट होतात किंवा नाहीशी होतात. शब्द जुळत असल्याची सूचना ब्राउझर देतो. तोवर थांबावं. शिवाय कुठली कळ दाबली यावरून अक्षर ओळखायची जुनी पद्धत फोनवर चालत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोन लिहिता लिहिता कुठल्याही कळीसाठी २२९ हाच आकडा कळवतात. कळीकडे पाहू नये, चौकटीत काय उमटलं ते पाहावं.

फोन आणि पिनकोड

फोन नंबरला रूप देणं उपयोगाचं आहे, कारण सलग दहा आकडे डोळ्याला पेलत नाहीत. त्याची कृती अशी. चौकटीत काही बदललं की त्यातले फक्त आकडे वेचून घ्यायचे, तीन-तीन-चार असे गट करायचे आणि मध्ये खुणा घालून परत ठेवायचे. गोची होते ती कर्सरची. मजकूर परत ठेवला की कर्सर उडी मारून शेवटी जातो. तुम्ही नंबराच्या मधला एक आकडा दुरुस्त करत असता आणि पुढचा आकडा भलतीकडेच उमटतो. त्यासाठी कर्सरच्या डावीकडे किती आकडे होते ते आधी मोजून ठेवायचं आणि नव्या मजकुरात तितकेच आकडे ओलांडून कर्सर बसवायचा. हे नीट जमत नसेल तर टाइप करताना काही करू नका, माणूस चौकटीतून बाहेर पडला की मग एकदाच रूप द्या. ते जास्त शहाणपणाचं.

पण रूप कुठलं? अमेरिकन साच्यात फक्त अमेरिकन नंबर बसतो. 'अडचणीत कुणाला कळवायचं' या चौकटीत पुण्यातल्या भावाचा नंबर लिहायला जा, देशाचा ९१ हा आकडा आणि पुढचे दहा मिळून बारा आकडे होतात आणि चौकट दहावर अडून बसते. खरं तर जागतिक प्रमाणानुसार देशाच्या आकड्यासह फोन नंबर पंधरा आकड्यांपर्यंत असू शकतो. ज्यांची अर्धी माणसं दुसऱ्या खंडात राहतात, त्यांच्या मंडळाच्या फॉर्मनं अधिकचं चिन्ह आणि पंधरा आकडे घेतलेच पाहिजेत. देशोदेशीचे साचे पाठ असलेली, गूगलनं सर्वांना खुली करून दिलेली एक तयार प्रोग्रॅम-संचिका आहे, ती वापरली की कष्ट वाचतात.

पिनकोडचं पाहा. भारतात तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे हे मराठी गृहस्थ केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. सहा आकडे, पहिला आकडा विभागाचा आणि तो कधीच शून्य नसतो. सदाशिव पेठ ४११०३०, दादर ४०००२८. अमेरिकेचा झिपकोड पाच आकडी आणि न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा ठिकाणी त्याची सुरुवातच शून्यानं होते. एडिसनचा ०८८२० घ्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं याला 'संख्या' समजून साठवलं की पुढचं शून्य गळतं आणि ८८२० उरतात. पाकिटं परत येतात. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, ती संख्या नव्हे, आकड्यांनी लिहिलेला मजकूर आहे, हे सूत्र पाठ करून ठेवावं. चौकटही 'संख्या' प्रकारची ठेवू नये. त्या प्रकारात माउसचं चाक चुकून फिरलं तरी आकडा बदलू शकतो. ब्रिटिश सरकारच्या फॉर्म बनवणाऱ्या मंडळींनी अशाच कारणांसाठी २०२० मध्ये तो प्रकार सोडला. फोनवर आकड्यांचा कळफलक उघडावा यासाठी वेगळी खूण आहे, तेवढी पुरे.

आणि हो, कुणी '४११०३०' असे देवनागरी आकडे लिहिले तर? जावास्क्रिप्टच्या लेखी ते आकडेच नाहीत. तिला फक्त इंग्रजी आकडे कळतात. दहा आकड्यांचं रूपांतर करणं दोन ओळींचं काम आहे. ते यंत्रानं करावं, आजोबांना करायला लावू नये.

जिथे कडक व्हावं

कार्डाच्या नंबराचं वेगळं. तिथे एका आकड्याची चूकही चालत नाही, आणि ती पकडायची सोय नंबरातच करून ठेवलेली असते. आयबीएममधले हान्स पीटर लुन यांनी १९५४ मध्ये या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते मिळालं. उजवीकडून सुरुवात करायची, एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन आकडी झाली तर त्या दोहोंची बेरीज घ्यायची, आणि सगळ्याची बेरीज करायची. ती दहाच्या पटीत आली तर नंबर जुळला. छोटं उदाहरण घ्या, १८. उजवीकडचे आठ तसेच, एकाची दुप्पट दोन, बेरीज दहा, जुळलं. चुकून १९ लिहिलं तर बेरीज अकरा. उलटून ८१ लिहिलं तर आठाची दुप्पट सोळा, म्हणजे सात, अधिक एक, आठ. दोन्ही चुका पकडल्या गेल्या. शेजारच्या आकड्यांची अदलाबदल या पद्धतीत फक्त शून्य आणि नऊ यांच्या बाबतीत निसटते. आधारच्या बारा आकड्यांना फेरहूफ या डच गणितज्ञांची १९६९ ची पद्धत लावलेली आहे, तिच्यातून तीही निसटत नाही.

घरी पैसे पाठवताना लागणारा बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड अकरा जागांचा असतो. पहिली चार अक्षरं, पाचवा नेहमी शून्य, मग सहा जागा शाखेच्या. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहिणारे पुष्कळ. इथे फॉर्मनं अडवायला हरकत नाही, किंबहुना अडवावंच. पैसे चुकीच्या वाटेला लागण्यापेक्षा चौकट लाल झालेली बरी.

मात्र कडक म्हणजे आडमुठं नव्हे. कार्डावर जशा चार-चारच्या गटांत मोकळ्या जागा आहेत, तशा कुणी टाइप केल्या तर 'मोकळी जागा चालणार नाही' म्हणू नये, मुकाट्यानं काढून टाकाव्यात. अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड पंधरा आकडी आणि चार-सहा-पाच असं असतं, ते सोळाच्या साच्यात कोंबू नये. आणि पेस्ट करणं बंद करू नये. अमेरिकेच्या प्रमाण संस्थेनं, म्हणजे निस्टनं, २०१७ मध्ये पासवर्डसुद्धा पेस्ट करू द्यावा असं सांगून ठेवलं आहे.

एक जूनची गोष्ट

आता सगळ्यांत जोखमीची चौकट, जन्मतारीख. महाराष्ट्रात आपल्या आईवडिलांच्या पिढीत १ जून या जन्मतारखेची माणसं उदंड. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालताना मास्तर तीच तारीख लिहून टाकायचे. अशा एका आजोबांची जन्मतारीख १ जून १९४२ धरू. आपण लिहिणार ०१/०६/१९४२. अमेरिकन फॉर्म ते वाचणार ६ जानेवारी. तारीख वैध आहे, चौकट लाल होत नाही, कुणाला काही कळत नाही. वडील इथे राहायला येतात तेव्हा आपण त्यांच्यासाठी विमा काढतो. त्यावर ६ जानेवारी आणि पासपोर्टवर १ जून. दवाखान्यात जायची वेळ आली की ही तफावत पुढ्यात येते.

जावास्क्रिप्टमध्ये याहून आतली एक खोच आहे. वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, आडव्या रेघा देऊन तारीख तिच्या हाती दिली, तर ती ग्रिनिचच्या मध्यरात्रीची समजते. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ किंवा दुपार असते. म्हणून इथल्या पडद्यावर १ जूनचा ३१ मे होतो. भारतात बसून तपासणाऱ्याला हा घोळ दिसत नाही, कारण तिथलं घड्याळ ग्रिनिचच्या पुढे आहे. त्यात या भाषेत महिने शून्यापासून मोजतात, जून हा पाचवा. दहा दिवसांच्या घाईत जावा या भाषेकडून जसंच्या तसं उचललेलं हे वळण अजून पुरतं सुटलेलं नाही. तेव्हा जन्मतारीख ही 'वेळ' समजून साठवू नये, साधा मजकूर म्हणून साठवावी.

चौकटीच्या बाबतीत म्हणाल तर ब्रिटिश सरकारचे फॉर्म जन्मतारखेला तीन वेगळ्या चौकटी देतात, दिवस, महिना, वर्ष. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की महिना नावानं निवडू द्यावा. 'जून' लिहिलं की वाद मिटला. कॅलेंडर उघडून १९४२ पर्यंत मागे मागे जायला लावणं हा वडीलधाऱ्यांचा छळ आहे.

केव्हा बोलावं, कसं बोलावं

पहिलं अक्षर टाइप होताच 'ईमेल पत्ता चुकीचा आहे' म्हणून ओरडणारे फॉर्म तुम्ही पाहिले असतील. अहो, लिहून तर होऊ द्या! माणूस चौकटीतून बाहेर पडल्यावर सांगावं, आणि दुरुस्ती झाली की लगेच तांबडा रंग काढावा. नुसता रंग बदलून भागत नाही. रंग न ओळखता येणारी माणसं असतात, पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरणारी असतात. काय हवं आहे ते त्या चौकटीशेजारी शब्दांत लिहावं. 'अवैध माहिती' यापेक्षा 'पिनकोड सहा आकडी लिहा' हे कुणालाही कळतं. आणि एक चौकट चुकली म्हणून बाकीच्या भरलेल्या वीस चौकटी पुसून टाकणं, हा तर अक्षम्य अपराध.

शेवटी मुलांना एक ताकीद. ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. ती कुणालाही बंद करता येते आणि फॉर्मला बगल देऊन सर्व्हरकडे काहीही पाठवता येतं. म्हणून प्रत्येक गोष्ट सर्व्हरवर पुन्हा तपासलीच पाहिजे. चोरांच्या भीतीनं नावातलं वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह बंद करणारे आहेत. ते चिन्ह वापरून डेटाबेसला भलतीच आज्ञा देता येते, हे खरं. पण त्याचा इलाज डेटाबेसशी बोलताना मजकूर आणि आज्ञा वेगळ्या ठेवणं हा आहे, ओब्रायन यांचं नाव बदलणं हा नाही.

आपल्या मंडळासाठी

तेव्हा आमची सूचना अशी. मंडळाच्या फॉर्ममध्ये नावाची एकच लांब चौकट ठेवावी, कुठल्याही लिपीत चालेल अशी. शेजारी दुसरी चौकट, 'बिल्ल्यावर नाव कसं छापू?' म्हणजे इथे वाढलेल्या मुलांना आणि त्यांच्या आजीला आपापल्या आवडीचं नाव मिळेल. फोनला परदेशी नंबर चालावा. पत्त्यात देश आधी विचारावा आणि मग त्या देशाचा कोड तपासावा. जन्मतारीख खरंच लागत नसेल तर विचारूच नये, 'ज्येष्ठ नागरिक' एवढी खूण पुरते. फॉर्म तयार झाला की तो कार्यकारिणीनं आधी एखाद्या आजोबांना त्यांच्याच फोनवर भरायला द्यावा आणि शेजारी गप्प बसून पाहावं.

आणि आपण जे फॉर्म भरतो त्यांचं काय? प्रवास, विमा, सरकारी कामं यांत नाव पासपोर्टात आहे तसंच, त्याच रकान्यांच्या हिशेबानं लिहा. चौकट नाव घेत नसेल तर काहीतरी जुळवून पुढे जाण्याआधी त्यांना फोन करून विचारा, आणि काय सांगितलं ते तारखेसह टिपून ठेवा. फॉर्म पाठवल्यावर येणारी पावती त्याच दिवशी उघडून नाव आणि जन्मतारीख वाचा. महिना आकड्यात असेल तर दोनदा वाचा. कॉपी करून आणलेला नंबर अडत असेल तर हातानं टाइप करून पाहा, मागे न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असते.

आपल्यापैकी अनेक जण पोटापाण्यासाठी असेच फॉर्म आणि अशाच चौकटी लिहितात. त्यांना एवढंच सांगणं आहे, की पुढच्या वेळी नावाच्या चौकटीला नियम लावताना आपल्या आईचं पूर्ण नाव त्यात एकदा लिहून पाहा.

पुढच्या अंकात पासवर्डविषयी. तोवर आपले प्रश्न संपादकांकडे पाठवावेत, कुठल्याही लिपीत चालतील.